मानकऱ्याचा हात

"सांगायचं एवढंच," खर्शीकर वकील पानाला चुना लावत म्हणाले, "दारू प्यालो होतो, भान नव्हतं, वाजवत सुटलो. कुणी सांगितलं नव्हतं. बास. पुढचं मी बघतो."

तात्या कोर्टाच्या आवारातल्या लिंबाखाली उकिडवे बसले होते. त्यांनी मान हलवली. कुणीही काहीही सांगितलं की ते आधी मान हलवायचे, मग विचार करायचे.

"पण तात्या दारू पीत नाहीत," मी म्हणाले.

वकिलांचं बोट पानावरच थांबलं. "ही कोण?"

"लेक हाय माजी. शालन. कालेजात जाती."

"मग कॉलेजात जाऊ दे की! इथं काय काम हाय तिचं?"

मी काही हलले नाही. लहानपणापासून माझं तोंड जरा पुढंच. आई म्हणायची, ह्या पोरीला जिभेच्या जागी हलगीची टिपरी बसवलीय देवानं. पण त्या दिवशी आवाज नेहमीसारखा निघत नव्हता.

प्रकरण असं होतं. चैत्रातल्या जत्रेत आमच्या गावात कुस्त्यांचा फड भरायचा आणि तात्या त्या फडात हलगी वाजवायचे. त्या वर्षी सर्जेरावांच्या पुतण्याला, रणधीरला, शेजारच्या गावच्या संपत खोतानं सगळ्या गावादेखत चितपट केलं. सर्जेराव म्हणजे गावचे मानकरी. जत्रा त्यांची, फड त्यांचा, पुतण्याही त्यांचाच. हरलेला रणधीर अंगाची माती न झाडता बाहेर गेला, मांडवाची लोखंडी पहार घेऊन आला आणि फडाच्या कडेला कपडे घालत असलेल्या संपतवर तुटून पडला. संपतचा उजवा डोळा गेला. हे सगळं होईपर्यंत तात्यांची हलगी चढत्या ठेक्यात वाजतच होती. मागच्या लोकांना वाटलं, अजून कुस्ती चाललीय. ते शिट्ट्या मारत राहिले. संपतचं ओरडणं कुणाला ऐकूच गेलं नाही.

पोलिसांनी दोघांना धरलं. रणधीरला मारल्याबद्दल आणि तात्यांना 'अपप्रेरणे'बद्दल. हा शब्द घरात आला तेव्हा आम्ही सगळेच एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसलो. आईला वाटलं, काहीतरी रोग असावा. तात्यांनी वकिलांना विचारलं तर ते म्हणाले, "इंग्रजीत अबेट म्हणतात. तुला काय कळणार?"

हे 'तुला काय कळणार' माझ्या डोक्यात गेलं. आदल्या दिवशी कॉलेजात इंग्रजीचा तास संपल्यावर मी मोडक मॅडमच्या मागोमाग थेट प्राध्यापकांच्या खोलीत गेले.

"मॅडम, अबेट म्हणजे काय?"

"कुठं वाचलास हा शब्द?"

"वाचला नाही. माझ्या वडलांवर लागलाय."

मॅडमनी डबा बंद केला. आधी मला बसायला खुर्ची दिली. मग कपाटातला जाडजूड शब्दकोश काढला आणि पानं उलटत सांगायला लागल्या.

"अबेट म्हणजे वाईट काम करायला माणसाला उठवणं. फूस लावणं, चेतवणं, मागनं बळ देणं. हे क्रियापद चांगल्या कामाला लागतच नाही बघ. 'आईनं मला अभ्यासाला अबेट केलं' असं कुणी म्हणत नाही. कोर्टाच्या भाषेत बहुतेक वेळा जोडी असते त्याची, एड अँड अबेट. एड म्हणजे नुसती मदत. अबेट म्हणजे उठवणं."

"आलं कुठनं हे?"

"जुन्या फ्रेंचमधनं." त्यांनी बारीक अक्षरावर बोट ठेवलं. "आणि त्याच्याही मागं गेलं तर मूळ अर्थ, चावायला लावणं. तिकडं पूर्वी एक खेळ असायचा. अस्वल खांबाला बांधायचं आणि त्याच्यावर कुत्री सोडायची. लोक भोवतीनं उभे राहून मजा बघायचे. त्या कुत्र्यांना अंगावर घालणं, ते हे."

"म्हणजे छू म्हणणं?"

मॅडम चमकून माझ्याकडं बघायला लागल्या. "हो गं. अगदी छू म्हणणं."

त्यांचा भाऊ साताऱ्याला वकिली करायचा. त्यांनी ऑफिसातनं त्याला फोन लावला. बराच वेळ नुसतं 'हं, हं' करत होत्या. फोन ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"शालन, मारणाऱ्याला जी शिक्षा, तीच उठवणाऱ्यालाही होऊ शकते म्हणे. आणि नशेत होतो म्हटल्यानं सुटका होत नाही. उलट ती कबुली ठरेल. तुमच्या वकिलांनी हे सांगितलं नाही तुम्हाला?"

आमच्या वकिलांनी सांगितलं होतं, किरकोळ दंड होईल.

आणि आमचे वकील तरी कुठले? खर्शीकर दोघांचीही बाजू चालवत होते, रणधीरचीही आणि तात्यांचीही. फी सर्जेराव देत होते. एकाच जीपमधनं सगळे कोर्टात यायचे. पुढं सर्जेराव, मागं रणधीर आणि तात्या पायाशी. गावात सगळे म्हणायचे, सरकारांचं मन केवढं मोठं, हलगीवाल्यालासुद्धा वाऱ्यावर सोडलं नाही!

म्हणून त्या दिवशी कॉलेज बुडवून मी एस्टीनं कोर्टात आले होते. वकील पान तोंडात टाकून आत गेले तशी मी तात्यांच्या समोर बसले.

"तात्या, खरं सांगा. थांबला का नाही तुम्ही?"

"अगं, हात वर हुता."

"कुणाचा?"

त्यांनी चहूकडं बघितलं आणि आवाज एकदम खाली आणला. "कुणाचा म्हंजे? मानकऱ्याचा. आपल्यात रीतच हाय की. हलगीवाल्यानं फडाकडं बघायचंच न्हाई. पाठ फडाकडं, तोंड मानकऱ्याकडं. हात वर तवर चढती वाजवायची. हात खाली आला की थांबायचं. माज्या बाची बी रीत हीच, आज्याची बी."

मला हे ठाऊक होतं. गावात प्रत्येकाला ठाऊक होतं. इतकं अंगवळणी पडलं होतं की कुणाच्या ध्यानातच येत नव्हतं. तात्या मारामारी बघतच नव्हते! त्यांच्या पाठीमागं एका पोराचा डोळा फुटत होता आणि ते एका हाताकडं बघत उभे होते. हात मात्र सगळं समोरून बघत होता.

"किती वेळ वर होता हात?"

"लई वेळ. माजी बोटं फुटायला आली. मला वाटलं, निकाली कुस्ती चाललीया."

"तात्या, हे जज्जसाहेबांना सांगा."

"गप."

"अहो, जेल होईल तुम्हाला! रणधीरएवढीच शिक्षा तुम्हाला! मॅडमनी फोन करून विचारलंय." मग मी अबेट शब्दाची सगळी गोष्ट त्यांना सांगितली. अस्वल, खांब, कुत्री, छू. बोलायच्या भरात भडाभडा सांगून टाकली.

तात्या जमिनीवरची लिंबोळी बोटानं फिरवत राहिले.

"म्हंजे कुत्रं मी," ते म्हणाले.

तसं म्हणायचं नव्हतं मला. पण दुसरं काय म्हणायचं होतं, तेही सुचेना.

तेवढ्यात सर्जेराव आले. पांढरं धोतर, कडक इस्त्रीचा सदरा, हातात काही नाही. त्यांना कधीच हातात काही घ्यावं लागायचं नाही. त्यांनी टपरीवरनं तात्यांसाठी चहा मागवला. पोऱ्यानं तो वेगळ्या कपात आणला.

"दगडू, घाबरू नको," ते अगदी मायेनं म्हणाले. "वकिलांनी सांगितलंय तेवढं बोल. घरचं आमी बघतो. पोरीचं शिक्षण बी बघतो." मग माझ्याकडं वळले. "रोज एस्टीनं येती-जाती न्हवं का गं तू? शेवटच्या गाडीनं? थांब्यापासनं गावापातूर एकलीच चालत येतीस म्हणं."

तात्यांनी चहाचा कप न पिताच खाली ठेवला. मी शेवटच्या गाडीनं येते हे सर्जेरावांना कुणी सांगितलं, हा प्रश्न मला पडला आणि भीती वाटली. रागही तेवढाच आला. दोन्ही एकाच वेळी होतं माणसाला, हे त्या दिवशी कळलं.

"व्हय सरकार," तात्या म्हणाले.

पुकारा झाला.

कोर्टाची खोली लहान होती. जज्जसाहेब तरुण होते, नागपूरकडचे, नुकतेच बदलून आलेले. बाकांवर एका बाजूला संपत खोत डोळ्याला हिरवी पट्टी लावून बसला होता. दुसऱ्या बाजूला पहिल्याच बाकावर सर्जेराव. मी त्यांच्या मागच्या बाकाच्या टोकाला अंग चोरून बसले.

साक्षी आधीच संपल्या होत्या. आता आरोपींनी त्यांचं काय म्हणणं आहे ते सांगायचं होतं. आधी रणधीर उभा राहिला. खाली बघून पाठ केलेलं बोलला. "साहेब, मी हरलो होतो, मन थाऱ्यावर नव्हतं. त्यात त्या हलगीनं डोकं फिरवलं. दगडू वाजवतच राहिला. तो थांबला असता तर मी बी थांबलो असतो."

आत्ता मला सगळा डाव उमगला. तळपायाची आग मस्तकाला गेली. तात्यांनी दारू प्यायची, तात्यांनी चेतवायचं, रणधीरचं फक्त डोकं फिरायचं. आणि जो समोरून बघत होता त्याचं नावच कुठं नाही.

"दगडू अवघडे," साहेब म्हणाले. "तुम्ही पुढं या."

तात्यांनी मागं वळून बघितलं. त्यांना वाटलं, साहेबांनी दुसऱ्याच कुणाला तरी बोलावलं. आयुष्यात कुठल्या साहेबानं त्यांना 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. शिपायानं ढकललं तेव्हा ते पिंजऱ्यात जाऊन उभे राहिले.

"जत्रेच्या दिवशी फडात हलगी तुम्ही वाजवत होता?"

"व्हय साहेब."

"संपत खोत ओरडत होता. तुम्हाला ऐकू आलं?"

"हलगी गळ्यात असली की दुसरं काय ऐकू येत न्हाई साहेब."

"सरकार पक्षाचं म्हणणं असं आहे की तुम्ही मारामारी बघत होता, आणि बघूनही मुद्दाम चढती हलगी वाजवून आरोपी नंबर एकला चेतवलंत. यावर काय म्हणणं आहे?"

तात्यांची नजर साहेबांवरनं सरकली. कुठं सरकली ते मला लगेच कळलं, कारण ती नजर मी लहानपणापासून जत्रेत बघत आले होते. मान किंचित तिरकी, डोळे एका जागी खिळलेले. ते सर्जेरावांच्या हाताकडं बघत होते!

मी पुढं वाकून बघितलं. सर्जेरावांचा उजवा हात गुडघ्यावर पालथा होता. बोटं जुळलेली. तो पंजा अगदी जरासा खाली दाबला गेला, थांब म्हणावं तसा. दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, माणूस गुडघा चोळतोय.

"दारू..." तात्या म्हणाले. "दारू, साहेब, मी..."

खर्शीकर वकील कागदात बघत मान डोलवायला लागले.

मी उठले. ठरवून वगैरे काही नाही, पायच उठले. बाकांच्या मधल्या वाटेनं दोन पावलं पुढं गेले आणि सर्जेरावांच्या अगदी समोर, त्यांच्याकडं पाठ करून उभी राहिले. माझ्या परकराची कड त्यांच्या धोतराला लागत होती. आता पिंजऱ्यातनं तात्यांना हात दिसत नव्हता. मी दिसत होते.

"ए पोरी, खाली बस!" शिपाई ओरडला.

"पायात गोळा आलाय," मी म्हणाले. "बसता येत नाही."

"बाजूला हो," माझ्या पाठीमागनं सर्जेरावांचा आवाज आला. हळू, फक्त मला ऐकू येईल एवढाच. "पोरी, बाजूला हो म्हणतो."

ते अजून एकदा बोलले असते तर मी बाजूला झालेही असते, खोटं कशाला सांगू? पण कोर्टात त्यांना याहून आवाज चढवता येत नव्हता.

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मग तात्यांकडं. मग पुन्हा माझ्याकडं. "उभी राहू द्या तिला," ते शिपायाला म्हणाले. "अवघडे, तुम्ही बोला. दारूचं काय?"

तात्यांची नजर हात शोधत होती. डावीकडं गेली, उजवीकडं गेली, आणि येऊन माझ्या तोंडावर थांबली. मी काही खूण केली नाही. दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरून ठेवले होते. ठेवले नसते तर मीही नकळत काहीतरी हातवारे केले असते.

तात्यांनी पिंजऱ्याच्या कठड्यावर हात ठेवला.

"दारूचं खोटं हाय साहेब," तात्या म्हणाले. "मी पीत न्हाई. आजवर थेंब न्हाई."

खर्शीकर ताडकन उठले. "साहेब, माझा अशील घाबरलाय, त्याला समजत नाही..."

"हे वकील माजं न्हाईत साहेब. मी त्यांला आणलेलं न्हाई."

"तुम्ही बसा वकीलसाहेब," जज्जसाहेब म्हणाले. त्यांनी पेन उचललं. "मारामारी तुम्ही बघितली का?"

"न्हाई. माजी पाठ हुती."

"पाठ? फडात वाजवता आणि फडाकडं पाठ?"

"तशी रीत हाय साहेब आमच्यात. हलगीवाल्यानं फडाकडं बघायचं न्हाई, मानकऱ्याच्या हाताकडं बघायचं. हात वर हाय तवर चढती वाजवायची. खाली आला की थांबायचं."

"मग त्या दिवशी हात खाली कधी आला?"

"आलाच न्हाई साहेब. माजी बोटं फुटाया आली तरी वर. लोक उठून उभं ऱ्हायलं तरी वर. पोलिस आलं तवा आला. मला काय म्हाईत, माज्या पाठीमागं काय चाललंय? मला वाटलं कुस्ती हाय. त्यांला तर समोरनं दिसत हुतं साहेब. सगळं दिसत हुतं."

संपत खोत बाकावरनं अर्धवट उठला होता. त्याच्या एका डोळ्यातनं पाणी वाहत होतं.

"मानकरी कोण?" साहेबांनी विचारलं. "इथं आहेत?"

"हायती की." तात्यांनी पिंजऱ्याच्या कठड्यावरनं हात उचलला. "माजी लेक उभी हाय न्हवं, तिच्या मागं बसल्यात."

मी बाजूला झाले.

सर्जेरावांचा हात अजून गुडघ्यावर पालथाच होता, तसाच दाबलेला. सगळं कोर्ट त्या हाताकडं बघत होतं. कुठं ठेवावा, हेच त्यांना सुचेना.

त्यानंतर आम्ही गावात फक्त सामान आणायला गेलो. तालुक्याला मोडक मॅडमनी ओळखीनं खोली बघून दिली. साहेबांनी तात्यांना सरकारातनं दुसरा वकील दिला आणि तात्या निर्दोष सुटले. रणधीरला शिक्षा झाली. संपतच्या लोकांनी सर्जेरावांवर वेगळा खटला घातला. तो वर्षानुवर्षं तारखा खात पडला आणि सर्जेराव घरच्या पलंगावर वारले. सगळं काही मनासारखं होत नाही.

आता मी इंग्रजी शिकवते. मोठ्या मुलांना हे क्रियापद शिकवताना अस्वल सांगते, खांब सांगते, कुत्री सांगते. तात्यांचं त्या दिवशीचं 'म्हंजे कुत्रं मी' मात्र सांगत नाही. त्याचं उत्तर मला लिंबाखाली देता आलं नव्हतं. ते त्यांनीच पिंजऱ्यात उभं राहून दिलं.

तात्या बाजार समितीत हमाली करायला लागले. हलगी खुंटीला टांगलेली, तिच्याकडं बघायचेसुद्धा नाहीत. मी बी.ए. झाले त्या दिवशी मात्र आपणहून उतरवली, चुलीपुढं धरून तापवली, टिचकी मारून बघितली. आई तोंडाला पदर लावून बघत राहिली. मग ते अंगणात जाऊन उभे राहिले आणि सवयीनं माझ्याकडं तोंड केलं.

"हात कर की गं," म्हणाले.

"नाही करणार."

"मग मला कळायचं कसं, कवा थांबायचं?"

"तुम्हाला वाटेल तेव्हा थांबा, तात्या."

त्यांनी डोळे मिटले आणि ते वाजवायला लागले. शेजारची बाई भांडायला आली, तिचं पोरगं झोपलं होतं. आईनं तिला हाताला धरून आमच्या पायरीवर बसवलं. पोरगंही उठून आलं आणि नाचायला लागलं. तात्या आपले वाजवतच होते. पार घामाघूम झाले, आणि मग त्यांना वाटलं तेव्हा थांबले.